चेंडू पांढरा, म्हणून कपडे रंगीत

१७ जानेवारी १९७९. सिडनीच्या मैदानावर क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडिज संघ उतरला तो चक्क गुलाबी कपड्यांत. समोर ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पिवळेधमक. भल्याभल्या फलंदाजांना धडकी भरवणाऱ्या त्या वेगवान गोलंदाजांना हा गुलाबी रंग अजिबात रुचला नाही आणि पुढे त्याची जागा मरून रंगाने घेतली. जुन्या जाणत्यांनी या नव्या प्रकाराला नाव ठेवले, ‘पायजमा क्रिकेट’.

ही हौस नव्हती, अडचणीतून काढलेली वाट होती. ऑस्ट्रेलियातल्या चॅनल नाइनचे मालक केरी पॅकर यांनी जास्त पैसे देऊ करूनही तिथल्या क्रिकेट मंडळाने त्यांना प्रक्षेपणाचे हक्क नाकारले. तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी जगभरातले नामवंत खेळाडू गुपचूप करारबद्ध केले आणि स्वतःचीच मालिका उभी केली. नेहमीची मैदाने सुरुवातीला मिळेनात, म्हणून फुटबॉलची मैदाने घेतली. दुसरीकडे तयार केलेल्या खेळपट्ट्या तिथे आणून बसवल्या. कामावरून सुटलेला माणूस संध्याकाळी सामन्याला यावा, घरी बसलेल्याने टीव्ही लावावा, म्हणून प्रकाशझोतात खेळ सुरू झाला.

झोताखाली लाल चेंडू नीट दिसेना. पांढरा आणला, तर तो पांढऱ्या कपड्यांत आणि पांढऱ्या साइटस्क्रीनपुढे हरवू लागला. मग स्क्रीन काळे झाले आणि कपडे रंगीत. ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही १९७५ मध्येच आला होता. पॅकर यांना आणखी काय हवे होते?

१९७९ मध्ये मंडळाशी समेट झाला, तरी रंग राहिले. त्याच मोसमात माइक ब्रेअर्लीच्या इंग्लंडने मात्र पांढरा चेंडू मान्य करून रंगीत कपडे नाकारले. न्यूझीलंडच्या वाट्याला मातकट बदामी रंग आला. त्याची तेव्हा थट्टा झाली. आज तिथले चाहते तोच रंग अभिमानाने मिरवतात.

भारताने ऑस्ट्रेलियात १९८०-८१ च्या तिरंगी मालिकेत सुनील गावस्कर यांच्या नेतृत्वाखाली हे नवे क्रिकेट अनुभवले. गंमत म्हणजे भारताचा सर्वांत मोठा एकदिवसीय विजय, १९८३ चा विश्वचषक, पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूवर मिळाला. रंगाचे सुख दोन वर्षांनी आले. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला पाकिस्तानला हरवून फिकट निळ्या-पिवळ्या कपड्यांतल्या भारताने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. मालिकावीर रवी शास्त्री यांना मिळालेल्या ऑडीवर तेच निळे-पिवळे खेळाडू चढून बसले आणि मैदानाला फेरी झाली.

विश्वचषकाला रंग लागायला १९९२ उजाडले. ऑस्ट्रेलियातल्या आयएससी कंपनीने सगळ्या संघांसाठी एकाच घडणीचे शर्ट शिवले: खांद्यांवर रंगीत पट्टे, पाठीवर खेळाडूचे नाव, बदल फक्त मूळ रंगात. अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचा पहिला विश्वचषक त्याच गडद निळ्या शर्टात झाला. तो शर्ट लोकांच्या मनात इतका बसला, की नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय संघ सिडनीत उतरला तो त्याच्याच धर्तीवरच्या पोशाखात.

कसोटी क्रिकेटने पांढरे कपडे सोडले नाहीत. मग कसोटीही रात्री खेळवायची ठरली, तेव्हा पॅकर यांच्या वेळचा पेच पुन्हा उभा राहिला. पांढऱ्या कपड्यांत पांढरा चेंडू चालणार नव्हता, आणि तो ऐंशी षटके टिकलाही नसता. या वेळी कपड्यांना हात न लावता चेंडूच बदलला. २०१५ मध्ये अ‍ॅडलेडला पहिली दिवस-रात्र कसोटी झाली. २२ नोव्हेंबर २०१९ ला ईडन गार्डन्सवर भारताची पहिली सुरू झाली, तेव्हा पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या भारतीय गोलंदाजांच्या हाती मेरठमध्ये तयार झालेला चेंडू होता. त्याचा रंग होता गुलाबी.