उकिरड्याची दैना आणि माहीमचं जंगल

गावाकडची जुनी म्हण आहे, 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते.' मुंबईतल्या एका उकिरड्याची फिटायला जवळपास सतरा वर्षं लागली. त्या जागेवर आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे.

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी ही सुमारे ३७ एकर जागा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं इथं पडायचा. १९७७ मध्ये तो टाकणं बंद झालं. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी इथं पहिलं रोप लावलं, तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढं होतं. उद्यान लोकांसाठी खुलं झालं ते १९९४ मध्ये. ते बघायला सलीम अली नव्हते. १९८७ मध्येच ते गेले.

एवढी वर्षं का लागावीत? माती टाकायची, रोपं लावायची, झालं की! पण कचऱ्यावर झाड जगवणं अवघड असतं. ओला कचरा खाली दाबला गेला की तिथं हवा पोचत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हे वायू वर येताना मातीतला ऑक्सिजन बाहेर ढकलतात, त्यामुळं मुळं गुदमरतात. जमीनही सारखी खचत नाही. कुठं फूटभर, कुठं त्याहून जास्त. त्यामुळं वर चांगल्या मातीचा थर द्यावा लागतो, आधी काटक झाडं लावावी लागतात आणि खालचं कुजणं मंदावेपर्यंत धीर धरावा लागतो.

ही गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक वेळा राहून जातो. माहीमला झाडं लागली म्हणून मुंबईचा कचरा काही कमी झाला नाही. तो देवनारसारख्या ठिकाणी पडतच राहिला. देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला.

आमच्या सांगवीकडं उकिरड्याची दैना फिटते, कारण तो रिकामा होतो. शेण, राख, वैरणीची चिपाडं असं सगळं कुजतं आणि पावसाळ्याआधी खत म्हणून रानात जातं. शहरातला ढीग रिकामा होत नाही, नुसता झाकला जातो. माहीमच्या झाडांखाली तो कचरा अजून आहेच.

पण आता गावच्या खतातही शाम्पूच्या पुड्या नि प्लास्टिकच्या पिशव्या निघतात. असं खत रानात पसरलं की ते प्लास्टिक वेचून काढणं जवळजवळ अशक्य. उकिरड्यावर टाकायच्या आधी मात्र ते बाजूला काढायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं काढली नाहीत, तर आपल्यालाही कधीतरी सतरा वर्षं थांबावं लागेल.