एक खुर्ची सोडून

मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी राहायला आले तेव्हा इथल्या नागरी हक्क चळवळीचा इतिहास मला पुस्तकांच्या आधी शेजारच्या बाईंकडून कळला. बाई कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. चवळीच्या शेंगा सोलता सोलता बोलायच्या आणि मी हात चालवला नाही तर गोष्टही थांबवायच्या.

"अगं, आम्हाला ताकीद होती. व्याख्यानाला लवकर जायचं आणि एक खुर्ची सोडून बसायचं!"

ताकीद देणारे होते प्राध्यापक अर्न्स्ट बोरिन्स्की. जर्मनीत कायद्याचं काम केलेले हे ज्यू गृहस्थ १९३८ साली हिटलरच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आले, महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते आणि १९४७ पासून टूगालू या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवू लागले. संध्याकाळी ते तळघरातल्या आपल्या वर्गात व्याख्यानं ठेवत. मिलसॅप्स कॉलेजचे गोरे विद्यार्थी येईपर्यंत मोकळ्या खुर्च्या उरायच्या त्या दोन काळ्या मुलांच्या मधल्या. आता उभं राहा नाहीतर शेजारी बसा. बसमध्ये, वाचनालयात, हॉटेलात जे कायद्याने बंद, ते इथे निमूट घडून जायचं. बाईंच्या शेजारी बसलेल्या गोऱ्या मुलीने अख्खा तास कोपर आखडून धरलं होतं. शेवटी तिचीच पेन्सिल खाली पडली आणि ती उचलून देताना दोघी एकदम वाकल्या. पुढे मैत्री झाली का, असं मी विचारलं. "छे! पत्ता कोण कुणाला देणार? घरी कळलं तर तिची धडगत नव्हती."

२७ मार्च १९६१ रोजी टूगालूचेच नऊ विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या वाचनालयात जाऊन वाचत बसले आणि त्यांना अटक झाली. त्याच उन्हाळ्यात बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेले 'फ्रीडम रायडर्स' आले. तीनशेवर लोक जॅक्सनमध्ये पकडले गेले आणि त्यांतल्या कितीतरी जणांची रवानगी पार्चमनच्या कुख्यात तुरुंगात झाली. गोऱ्या कैद्यांत ज्यू पुष्कळ. जॅक्सनच्या बेथ इस्राएल सिनेगॉगचे रब्बी पेरी नुसबाउम गाडी काढून त्यांना भेटायला जात, धर्म न विचारता खुशाली घेत आणि 'तुमचं लेकरू धडधाकट आहे' असं आईबापांना पत्राने कळवत. जगाला ठाऊक आहे तो १९६४ चा चेनी, गुडमन आणि श्वर्नर या नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून. बाई मात्र या पत्रांवर जास्त रेंगाळायच्या, आणि मलाही ते पटतं.

रब्बींच्या समाजातल्या अनेकांना ही धावपळ नको होती. मूठभर माणसं, गावात दुकानं. गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या कू क्लक्स क्लानच्या नजरेत कोण येणार? १९६२ च्या अखेरीस कॅपिटल स्ट्रीटवरच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, त्यात ज्यूंचीही काही दुकानं होती. बाई त्याबद्दल कडवट बोलायच्या: "आमचा पैसा चालायचा, पण कपडा अंगाला लावून बघू द्यायचे नाहीत."

भीती मात्र खोटी नव्हती. १८ सप्टेंबर १९६७ च्या रात्री क्लानने नव्या कोऱ्या सिनेगॉगमध्ये बॉम्ब उडवला. काळ्या-गोऱ्या पाद्र्यांनी मिळून तिथवर प्रायश्चित्ताची पदयात्रा काढली. दोन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, रब्बींच्या घरावरच स्फोट झाला. नवरा-बायको आत होते, थोडक्यात वाचले. निवृत्त होईपर्यंत, १९७३ पर्यंत, रब्बी जॅक्सनमध्येच राहिले. बोरिन्स्की तर १९८३ मध्ये वारले, ते टूगालूच्याच आवारात पुरले गेले.

बोरिन्स्कींना हे सारं करता आलं, कारण टूगालू खाजगी, मिशनऱ्यांनी काढलेलं. सरकारला तिथला पगार थेट तोडता येत नव्हता. बोरिन्स्कींना गावात दुकान नव्हतं की गोऱ्या नातेवाइकांचा गोतावळा. असा मोकळा कोपरा इतरांना कुठला मिळायला? मी हे बोलून दाखवलं तेव्हा बाई शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "बहिष्काराच्या वेळी मी मोर्चात होते असं समजू नकोस. सरकारी शाळेत नुकतीच लागले होते. चळवळीच्या संघटनेत नाव दिसलं की शिक्षकाची नोकरी जायची. दुकानात जायचं बंद केलं, एवढंच. मोर्चा निघाला त्या दिवशी मी वर्गात हजेरी घेत होते."