विवक्षेपासून वैखरीपर्यंत

मादन हिप्परग्याच्या परिसरात कन्नड व मराठी ह्या दोन्ही भाषा नांदतात. दोन्ही बोलणाऱ्या मनुष्यास तहान लागली असता त्याने ‘नीरु’ मागावे की ‘पाणी’, हे समोर कोण उभे आहे त्यावर ठरते. तहान मात्र एकच. मग जो अर्थ अद्याप कोणत्याच भाषेचा झालेला नाही, तो वाणीचे रूप कोठे घेतो?

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात दीर्घतमा ऋषींनी वाणीचे चार पाद सांगितले. त्यांतील तीन गुप्त असून मनुष्य चौथाच बोलतो. पाणिनीय शिक्षेने हा प्रवास देहात दाखविला. आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ एकत्र करून बोलण्याच्या इच्छेने मनास योजतो. मन कायाग्नीस चेतविते, अग्नी वायूस प्रेरितो, आणि तो वायू उरातून वर चढून, मूर्ध्यास थडकून मुखात आला की वर्ण जन्मतात. पाठशाळेतील मुले हे मुखोद्गत करतात. अर्थ बहुतेकांस पुष्कळ वर्षांनी उमगतो.

पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरींनी ‘वाक्यपदीया’त ह्या विचारास शास्त्रीय रूप दिले. पश्यंतीत अर्थ अखंड असतो, मध्यमेत शब्द मनातल्या मनात क्रमाने उभे राहतात, वैखरीत ते कानी पडतात. मध्यमेचा पुरावा पंक्तीतही मिळतो. ‘पाटासमोर ताट मांडा’ म्हणावयाचे असता एखादा ‘ताटासमोर पाट मांडा’ म्हणून जातो. मागचा शब्द आत आधीच सिद्ध नसता, तर तो पुढे घुसला कसा असता? युरोपीय पंडितांनीही अशा चुकांचा कसून अभ्यास केला, आणि विलेम लेव्हेल्ट ह्यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात आशय, शब्दरचना व उच्चार असाच क्रम मांडला.

परंतु पश्यंती हीच सर्वोच्च वाणी, हे वैयाकरणांचे मत काश्मीरच्या शैवाचार्यांस मानवले नाही. सोमानंदांनी ‘शिवदृष्टी’त वैयाकरणांस व्याकरणानेच पकडले: ‘पश्यंती’ म्हणजे पाहणारी, पाहणे ही क्रिया सकर्मक, तेव्हा ती काय पाहते ते सांगा! ह्या मताने पश्यंतीच्याही पलीकडे परा वाणी मानली. वाद कोरडा वाटला तरी त्यात सामान्य भक्ताचे हित गुंतलेले आहे. अनुभव शब्दाच्या आधीचा असेल, तर तो अमुकच भाषेत उतरला पाहिजे असे बंधन उरत नाही.

बाराव्या शतकात येथून जवळच असलेल्या कल्याणात बसवण्णा, अल्लमप्रभू आदी शरणांनी आपला अनुभव कन्नडात सांगितला, आणि त्या उक्तींस ‘वचन’ हेच नाव पडले. तेराव्या शतकात श्रीज्ञानेश्वरांनी मराठीत ‘अमृतानुभव’ रचला. त्यात शिवसूत्राचे नाव घेऊन त्यांनी चारही वाणींचा विचार केला आहे. त्या प्रकरणास ‘वाचाऋणपरिहार’ म्हणतात.