चिलीत कोणते बीन्स घालायचे? अमेरिकेतला जुना वाद आणि राजम्याचा एक न मोडायचा नियम

चिली म्हटलं की आपल्याकडे पिझ्झावर भुरभुरायचे चिली फ्लेक्स आठवतात, नाहीतर चायनीजच्या गाडीवरची चिकन चिली. अमेरिकेत मात्र चिली म्हणजे वाडगाभर दाटसर, तिखट रस्सा. गोमांसाचे तुकडे किंवा खिमा, लाल मिरच्या, जिरं, लसूण आणि ओरेगॅनो हे त्यातले मुख्य घटक. थंडी पडली, फुटबॉलचा सीझन सुरू झाला की घरोघरी चिलीचं पातेलं चढतं. आणि पातेलं चढलं की एक प्रश्न हमखास येतो: यात बीन्स कोणते घालायचे?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. दाणा अख्खा राहायला हवा असेल तर लाल राजमा, रस्सा दाट आणि मऊ हवा असेल तर पिंटो, भाज्यांची चिली असेल तर काळे बीन्स आणि चिकनची असेल तर पांढरे. हा सगळा आवडीचा मामला आहे. पण सुका राजमा वापरताना एक गोष्ट आवडीवर सोडता येत नाही, कारण ती चुकली तर घरातले सगळे आजारी पडू शकतात. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. आधी वाद समजून घेऊ.

टेक्सासचं उत्तर: एकही नाही

या पदार्थाचं पूर्ण नाव 'चिली कॉन कार्ने'. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ होतो मांसासोबत मिरची. म्हणजे नावात मिरची आहे, मांस आहे, बीन्स नाहीत. टेक्सासमधली मंडळी नेमकं यावरच बोट ठेवतात.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका संध्याकाळी चौकात टेबलं मांडून चिली विकायच्या. त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. १८९३ साली शिकागोमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या चिलीचा स्टॉल लागला आणि टेक्सासबाहेरच्या अनेकांना ही चव कळली. पुढे १९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केलं. टेक्सासचेच असलेले राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या घरची चिली इतकी गाजली, की लोकांची पत्रं यायला लागल्यावर त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी पाककृतीची कार्डंच छापून घेतली. त्या पाककृतीतही बीन्स नाहीत.

१९६७ मध्ये तर या विषयावर सामनाच झाला. न्यूयॉर्कचे विनोदी लेखक एच. ॲलन स्मिथ यांनी एका मासिकात लेख लिहून चिलीतलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असा दावा केला. त्यांच्या चिलीत बीन्स होते. टेक्सासवाल्यांना हे झोंबलं. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या टर्लिंग्वा नावाच्या ओसाड गावात स्मिथ आणि टेक्सासचे पत्रकार विक फाउलर यांची चिली बनवण्याची स्पर्धा लागली. निकाल? बरोबरी. पण तेव्हापासून टर्लिंग्वा चिलीच्या स्पर्धांचं माहेरघर झालं.

'चिली अप्रिसिएशन सोसायटी इंटरनॅशनल' या संस्थेच्या स्पर्धांमध्ये आजही बीन्स, मॅकरोनी, भात असं काहीही घातलेलं चालत नाही. संस्थेच्या लेखी ही भरती आहे, चिली नव्हे.

मग बीन्स आले कुठून?

टेक्सासमध्येही बीन्स खात नाहीत असं नाही. ते चिलीच्या शेजारी, वेगळ्या वाडग्यात असतात. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्याने तर १९६५ मध्येच मिरची आणि पिंटो बीन्स या जोडीला राज्याची अधिकृत भाजी ठरवलं.

बीन्स पातेल्यात शिरण्यामागचं कारण मात्र सरळ आहे. मांस महाग, बीन्स स्वस्त. पाव किलो खिम्यात चार माणसांचं पोट भरायचं असेल तर पातेल्यात काहीतरी भर लागतेच. मटणाच्या रश्श्यात बटाटे वाढवण्यामागे आपल्याकडे जो हिशेब असतो, तोच इथे.

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराने यातून तिसराच मार्ग काढला. तिथे मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी १९२२ मध्ये एम्प्रेस चिली नावाचं हॉटेल सुरू केलं आणि चिली चक्क स्पॅगेटीवर वाढायला सुरुवात केली. तिथे ऑर्डरही आकड्यांत देतात. 'थ्री वे' म्हणजे स्पॅगेटी, चिली आणि चीज. 'फोर वे' म्हणजे त्यावर कांदा किंवा बीन्स. 'फाइव्ह वे' म्हणजे दोन्ही. बीन्स हवेत की नकोत, हे खाणाऱ्यानेच ठरवायचं.

स्पर्धांच्या जगातही आता थोडी नरमाई आली आहे. 'इंटरनॅशनल चिली सोसायटी' ही दुसरी मोठी संस्था पारंपरिक लाल चिलीत बीन्स चालवून घेत नाही, पण तिच्या 'होमस्टाइल' गटात बीन्स असणं सक्तीचं आहे. म्हणजे घरगुती चिलीत बीन्स असतात, हे त्यांनीही मान्य केलं आहे.

दिसायला वेगळे, पण भावंडंच

लाल राजमा, पिंटो, काळे बीन्स, पांढरे कॅनेलिनी आणि ग्रेट नॉर्दर्न ही दुकानात वेगवेगळ्या पाकिटांत मिळणारी मंडळी प्रत्यक्षात एकाच प्रजातीची आहेत. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. मूळ अमेरिका खंडातलं. आपली फरसबी म्हणजे याच प्रजातीची कोवळी शेंग. साताऱ्यातल्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही याच कुळातला. चवळी, मूग आणि मटकी मात्र वेगळ्या प्रजातींची.

प्रजाती एक असली तरी सालीची जाडी, आतला गर आणि रंग यात फरक आहे. निवड करायची ती याच तीन गोष्टी पाहून.

लाल राजमा: साल जाड, दाणा मोठा. तास-दीड तास रटरटूनही आकार सोडत नाही. खिमा आणि टोमॅटो घातलेल्या चिलीत प्रत्येक घासात दाणा जाणवायला हवा असेल तर हाच घ्या. पण चव आत मुरायला वेळ लागतो, त्यामुळे चिली आदल्या दिवशी केली तर जास्त चांगली लागते.

पिंटो: स्पॅनिशमध्ये पिंटो म्हणजे रंगवलेला. कच्च्या दाण्यावर तपकिरी ठिपके असतात, शिजल्यावर ते जातात आणि दाणा एकसारखा तपकिरी-गुलाबी होतो. साल पातळ, गर लोण्यासारखा. पळीभर दाणे पातेल्याच्या कडेला घोटून रश्श्यात मिसळले की वेगळं पीठ न लावता चिली दाट होते. भारतात पिंटो सहज मिळत नाहीत. त्याला सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे चित्रा राजमा.

काळे बीन्स: दाणा लहान आणि घट्ट, चवीला थोडा मातकट. रताळं, लाल भोपळा, मका अशा गोडसर भाज्यांसोबत छान जमतात, म्हणून शाकाहारी चिलीत ते जास्त दिसतात. रंग सोडतात, त्यामुळे रस्सा काळपट होतो. लालभडक चिली हवी असेल तर टाळा.

पांढरे बीन्स: चिकन, हिरव्या मिरच्या आणि जिरं घालून केलेल्या 'व्हाइट चिली'साठी. चव सौम्य असते, त्यामुळे हिरव्या मिरचीचा स्वाद दबत नाही. कॅनेलिनी दाणा मोठा, ग्रेट नॉर्दर्न थोडा लहान.

दोन प्रकार एकत्र करायलाही हरकत नाही. राजमा आणि पिंटो ही जोडी सोपी: एक आकार देतो, दुसरा दाटपणा. फक्त सुके बीन्स असतील तर दोन्ही वेगवेगळे शिजवा, कारण त्यांना शिजायला सारखा वेळ लागत नाही.

डबा की सुके?

अमेरिकेत बहुतेक जण डबा उघडतात. नेहमीचा डबा १५ औंसांचा, म्हणजे सुमारे ४२५ ग्रॅमचा असतो. पाणी काढून टाकल्यावर त्यात साधारण दीड कप दाणे निघतात. हे बीन्स डब्यातच पूर्ण शिजलेले असतात, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात घातले तरी पुरे. सुरुवातीलाच घातले तर पिंटोसारखे मऊ दाणे विरघळून जातात. डब्यातल्या पाण्यात मीठ भरपूर असतं. ते ओतून दाणे नळाखाली धुतले की सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं.

'चिली बीन्स' असं लिहिलेला डबा घेतलात तर लेबल वाचा. त्यात आधीच मसाला असतो. वरून आपला मसाला नेहमीच्या मापाने घातला तर चिली खारट होईल.

सुके बीन्स स्वस्त पडतात आणि चवीलाही चांगले लागतात. पण ते थेट टोमॅटोच्या रश्श्यात टाकू नका. टोमॅटोच्या आंबटपणामुळे दाण्यातलं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि दाणे तासन्‌तास टणक राहतात. आधी साध्या पाण्यात मऊ शिजवा, मग रश्श्यात घाला. भिजवताना पाण्यात थोडं मीठ टाकलं तर साल मऊ होते. मीठ घातलं की बीन्स शिजत नाहीत हा समज खरा नाही. दाणे दोन-तीन वर्षं जुने असतील तर मात्र कितीही शिजवा, टणकच राहण्याची शक्यता जास्त.

हा नियम मोडू नका

आता त्या नियमाकडे येऊ. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. पोटात गेलं की एक ते तीन तासांत जोरदार मळमळ आणि उलट्या, त्यानंतर जुलाब आणि पोटदुखी सुरू होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणजेच एफडीएच्या माहितीनुसार चार-पाच कच्चे दाणेही त्रास व्हायला पुरेसे असतात. बहुतेक जण काही तासांत बरे होतात, पण काहींना दवाखान्यात न्यावं लागतं.

हे विष सगळ्याच बीन्समध्ये थोडंफार असतं. सगळ्यात जास्त लाल राजम्यात. पांढऱ्या राजम्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश.

खरी गडबड होते स्लो कुकरमध्ये. सोशल मीडियावर 'सगळं भांड्यात टाका आणि विसरून जा' छापाच्या चिलीच्या रेसिपी भरपूर आहेत. डब्यातले बीन्स असतील तर त्या चालतात. सुका राजमा असेल तर नाही. स्लो कुकरमध्ये आतल्या पदार्थाचं तापमान कधीकधी ७५ अंश सेल्सियसच्या आसपासच राहतं. तेवढ्या उष्णतेत दाणा मऊ होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण विष नष्ट होत नाही. उलट ८० अंशांपर्यंतच तापवलेल्या राजम्याचा विषारीपणा कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक.

त्यामुळे सुका राजमा वापरताना क्रम असा ठेवा:

किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा. भिजवलेलं पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात खळखळ उकळी आणा आणि ती ३० मिनिटं टिकवा. १०० अंशांवर १० मिनिटांत हे विष नष्ट होतं, पण प्रत्येक दाणा आतपर्यंत तापावा म्हणून एफडीए ३० मिनिटांचा सल्ला देते. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये टाका.

प्रेशर कुकर वापरत असाल तर चिंता कमी. शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं, त्यामुळे भिजवून नीट शिजवलेला राजमा सुरक्षित असतो. आपल्याकडे राजमा-चावल खाऊन कुणाला काही होत नाही, त्याचं कारण हेच. पण इलेक्ट्रिक कुकरमध्ये 'प्रेशर' आणि 'स्लो कुक' अशी दोन्ही बटणं असतात, तेव्हा कोणतं दाबलंय ते पाहा. आणि मटकीला आणतो तसे राजम्याला मोड आणून कच्चे कोशिंबिरीत घालू नका. मोड आले म्हणून विष जात नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर

अर्धा किलो मटण किंवा चिकन खिम्याला राजम्याचा एक आणि पिंटोचा एक डबा पुरतो. डबे न मिळाल्यास दीड कप शिजलेला लाल राजमा आणि दीड कप शिजलेला चित्रा राजमा घ्या. खिमा, मिरची, जिरं आणि टोमॅटो तासभर शिजू द्या, मग दाणे घाला. अर्ध्या तासाने पळीभर दाणे घोटून मिसळा आणि मीठ शेवटी चाखून घाला.

आणि जेवायला कुणी टेक्सासचं येणार असेल, तर बीन्स वेगळ्या वाडग्यात ठेवा.