गॅस गिझरमधील बिघाड

गॅस गिझर हे स्वयंपाकाच्या गॅसवर वाहते पाणी तापवणारे घरगुती उपकरण आहे. पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते आणि सेलवर चालणारी ठिणगी बर्नर पेटवते.

छत्रपती संभाजीनगरला जायकवाडी धरणाचे पाणी मिळते; नळ रोज येत नसल्याने उस्मानपुऱ्यासारख्या वस्त्यांत ते गच्चीवरील टाकीत साठवतात. टाकीलगतच्या मजल्यावर दाब कमी पडतो व गिझर पेटत नाही. दोष मात्र उपकरणाला दिला जातो. ठिणगीचा टकटक आवाजच येत नसेल, तर सेल, पाण्याची जाळी व ताठरलेला पडदा तपासावा. आवाज येऊनही ज्योत नसेल, तर सिलिंडर पाहावा.

निळ्याऐवजी पिवळी ज्योत व काजळी दिसणे हा सर्वांत गंभीर बिघाड होय. अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, परंतु या वायूला वास नसतो. बंद न्हाणीघरात माणूस नकळत बेशुद्ध पडून दगावू शकतो. असा गिझर बर्नर साफ होईपर्यंत वापरू नये. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवणेच योग्य.