बहादूरगडाचा कैदी : ‘छावा’ कादंबरी आणि चित्रपट

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यात, पेडगाव येथे भीमेच्या काठी बहादूरगडाचे अवशेष आहेत. संगमेश्वर येथे १ फेब्रुवारी १६८९ रोजी पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज व त्यांचे स्नेही कवी कलश यांना औरंगजेबासमोर उभे करण्यात आले ते येथेच. पुढे ११ मार्च रोजी त्यांचा क्रूरपणे वध झाला. महाराजांच्या जीवनावरील शिवाजी सावंत यांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. या रूपांतरात शोकांतिकेचे केंद्र कसे सरकले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

बहादूरगडावरील प्रसंगाचा तपशील मुख्यतः मोगल पक्षाच्या फारसी ग्रंथांतून मिळतो. कैद्यांना विदूषकी वेष चढवून, उंटावर बसवून धिंड काढल्याचे हे वर्णन म्हणजे जेत्यांचा उत्सव होय. तथापि पुष्कळ वर्षांनी लिहिणाऱ्या खाफीखानाने कवी कलशाच्या तोंडी एक पद्य घातले आहे. संभाजीराजांना पाहताच बादशहाला सिंहासनावर बसून राहवले नाही, असा त्याचा आशय. जेत्याच्या लेखणीतूनच जिताची वाणी अशी निसटून आली. चित्रपटातील शृंखलाबद्ध राजा व कवी यांचा काव्यसंवाद त्याच जातीचा आहे.

मराठी बखरींनी, विशेषतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने, महाराजांचे प्रतिकूल चित्र रूढ केले होते. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने व त्यानंतर कमल गोखले यांच्या संशोधनाने त्याची फेरतपासणी केली. सावंतांची कादंबरी या फेरतपासणीनंतरची आहे. ती नायकाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत जात असल्याने १६७८ च्या अखेरीस त्यांचे दिलेरखानाकडे जाणे आणि शिवाजी महाराजांच्या निधनानंतरचा वारसाकलह तिच्या कक्षेत येतात. तिच्यातील काळोख केवळ वधस्थळाचा नव्हे; तो घरातलाही आहे.

सुमारे १६१ मिनिटांच्या चित्रपटास एवढा पट पेलणे शक्य नव्हते. १६८१ च्या बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून त्याचा आरंभ होतो. दरबारी कारस्थान त्यातही आहे. परंतु एकदा शत्रूकडे जाऊन परतलेला राजपुत्र कथारंभापूर्वीच मागे पडतो. उलट अखेरच्या छळास दीर्घ अवकाश मिळतो. परिणामी नायकाच्या धैर्याचा प्रत्यय तीव्र होतो, पण अंधार बाहेरच्या क्रौर्यात साठतो आणि अंतर्द्वंद्व क्षीण होते. भाषांतराचीही हीच गत आहे. मराठी वाचकास ‘छावा’ हा शब्द ऐकताच उमगतो. हिंदी प्रेक्षकासाठी त्याचा अर्थ संवादातून सांगावा लागला.

रूपांतराचे उत्तरदायित्व येथेच गंभीर होते. गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणास शिर्के वंशजांनी २०२५ मध्ये आक्षेप घेतला व दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. कादंबरीतील आरोप वाचकाच्या मनात संशयासह राहू शकतो. पडद्यावर त्यास चेहरा लाभतो आणि प्रेक्षक त्यालाच पुरावा मानू लागतो. म्हणून कलाकृतीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यापासून मागे वळून कादंबरी, बखर व फारसी वृत्तांत असा उलटा प्रवास अभ्यासकाने करावयास हवा. त्या वाटेवर पेडगाव लागते. तेथे घडलेल्या अपमानाची कथा प्रथम अपमान करणाऱ्यांनीच लिहून ठेवली होती, याचे विस्मरण होऊ नये.