कौल

‘कौल’ मूळचा अरबी; अर्थ बोल, वचन. फारसीमार्गे तो दख्खनच्या दप्तरांत आला. ओसाड गाव पुन्हा वसवायचे तर सरकार रयतेला सारासवलतीचा कौल देई. कोकणात तो आजही देवाकडे मागतात. लोकशाहीत मात्र रयत देते आणि सत्ता मागते. ही उलटापालट मला फार मोलाची वाटते.

पण रयतेचा हा कौल मतमोजणीआधी कळत नाही. उदाहरणार्थ, बीड लोकसभा मतदारसंघात मतदान १३ मे २०२४ला झाले. मतदानोत्तर चाचण्यांना कायद्याने १ जूनच्या संध्याकाळपर्यंत थांबावे लागले. ४ जूनला बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना ६,५५३ मतांनी हरवले. दोघांनाही पावणेसात लाखांहून अधिक मते. इतका निसटता फरक नमुन्यात पकडणे फार कठीण. म्हणून चाचणीच्या आकड्यांना वर्तमानपत्रांनी कौल म्हणू नये, अंदाज म्हणावे.